आंधळं पिल्लू शिकलेली वाट पुन्हा पुन्हा विसरतं तेव्हा

अडचण आधी सांगतो. डोक्याला मार लागून दृष्टी गेलेलं मांजराचं पिल्लू आहे. ते घर शिकलं, वाळूचा ट्रे शिकलं, पाण्याचं भांडं शिकलं. मग एका दिवशी सगळं पुसून टाकल्यासारखं वागतं. ट्रेच्या दीड हात अलीकडेच बसून मोकळं होतं, रोजच्या चौकटीला नाक आपटतं, खोलीच्या मधोमध उभं राहून ओरडत राहतं. दोन-चार दिवसांत आपोआप ताळ्यावर येतं, आपण हुश्श करतो, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

आमच्या तर्रीचं हे एप्रिल ते जुलै सात वेळा झालं. सहा वेळा कारण घरात निघालं, एकदा तिच्या डोक्यात. आम्ही मात्र दर वेळी आधी तिच्या डोक्यालाच दोष देत होतो. ज्यांच्याकडे असं पिल्लू आहे त्यांचा तेवढा वेळ आणि जीव वाचावा म्हणून हे लिहितो आहे.

तर्रीची गोष्ट थोडक्यात. मी नागपूरला इतवारीत एका धान्याच्या दुकानात हिशेब लिहितो. गोदामात पोत्यांच्या थप्पीवर मांजरीनं पिल्लं घातली होती. त्यातलं एक, साधारण सात आठवड्यांचं, वरून घसरलं आणि दगडी फरशीवर डोक्यावर आपटलं. नाकातून रक्त, शुद्ध नाही. रंग तर्रीपोह्यावरच्या तर्रीसारखा लालकेशरी, म्हणून पुढे नाव तेच पडलं. पुठ्ठ्यावर आडवं ठेवून, पुठ्ठ्याची डोक्याकडची बाजू चार बोटं उंच धरून तिला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. मान दुमडू द्यायची नाही, गळ्यावर दाब येऊ द्यायचा नाही, हे नशिबानं एकाला माहीत होतं. दुसऱ्यानं दुखणं कमी व्हावं म्हणून पॅरासिटामॉलचं सिरप आणून ठेवलं होतं. ते पाजलं असतं तर पिल्लू आपटण्यानं नाही, औषधानं गेलं असतं. मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही, थोडंही नाही. माणसाच्या कपाटातलं काहीही मांजराला देऊ नका.

ती जगली. पण दिसत नव्हतं, आणि हे कळायलाही आम्हाला आठ दिवस लागले, कारण बॅटरीचा उजेड टाकला की तिच्या बाहुल्या बरोबर लहान होत. आम्ही म्हणायचो, बघ, दिसतं तिला. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं: उजेडानं बाहुली आवळण्याचं काम मेंदूच्या खालच्या भागातून परस्पर होतं. पाहण्याचं काम मेंदूच्या मागच्या भागात होतं, आणि मार लागून सूज आली ती तिथं. डोळा शाबूत, पण पुढे वाचणारा नाही. हात डोळ्यांपुढे झटकून बघण्याचीही परीक्षा घरी फसते. एक तर हाताच्या वाऱ्यानं मिश्या हलतात आणि पिल्लू डोळे मिटतं. दुसरं म्हणजे दोन-अडीच महिन्यांपर्यंत धडधाकट पिल्लांनाही ती सवय पक्की झालेली नसते. त्यापेक्षा कापसाचा बोळा समोर वरून सोडून बघा. आवाज नाही, वारा नाही. नजर बोळ्यामागे गेली तर दिसतं. अशा आंधळेपणात काही आठवड्यांनी, महिन्यांनी थोडी दृष्टी परत येऊ शकते, म्हणून आम्ही दर पंधरवड्याला बोळा सोडतो. तर्री अजून तरी त्याच्याकडे बघत नाही.

आधी ठरवा: घर की डोकं

पिल्लू वाट चुकलं की पहिल्या पाच मिनिटांत एवढंच बघायचं. हाक मारली की थांबतं का? वाटीवर चमचा वाजवला की कान वळतात का, खायला येतं का? येत असेल तर ते वाट चुकलेलं मांजर आहे. त्याला घाई नाही, कारण शोधायला वेळ आहे.

येत नसेल, एकाच बाजूला घट्ट गोल गोल फिरत असेल आणि हाकेनं थांबत नसेल, भिंतीला कपाळ टेकवून तसंच उभं राहत असेल, एक बाहुली मोठी आणि एक लहान असेल, उलट्या होत असतील, मान एका बाजूला कलली असेल, तर घरातलं काही शोधत बसू नका, दवाखाना गाठा. तर्रीही पहिले तीन आठवडे डावीकडे गोल फिरायची. मेंदूच्या ज्या बाजूला इजा त्या बाजूला जनावर फिरतं, असं डॉक्टर म्हणाले. तिचे गोल हळूहळू मोठे होत गेले आणि मग सरळ झाले. पण एकदा सरळ झालेलं पिल्लू पुन्हा गोल फिरू लागलं तर ते जुनंच आहे म्हणून सोडून द्यायचं नाही.

आणखी दोन गोष्टी याच वेळी तपासा. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ आहे का? कानात गोचिडांसारखे बारीक किडे झाले की खाजेनं आणि पुढे संसर्गानं तोल आणि ऐकणं दोन्ही बिघडतं, आणि आंधळ्या पिल्लाची अर्धी वाट कानावर असते. दुसरं, ट्रेबाहेर बसतं तेव्हा लघवी नीट होते का? थेंबथेंब, कुंथून होत असेल तर तो वेगळा आजार आहे. बोका असेल आणि लघवी अजिबात होत नसेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर.

चोपडीनं काय सांगितलं

माझा धंदाच नोंदी ठेवण्याचा. तिसऱ्यांदा हे झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले की तपासणीत काही नवीन नाही, घरी लिहून ठेवा. मी एक जुनी चोपडी काढली. तारीख, वेळ, कुठे चुकली, त्या वेळी घरात काय चालू होतं. नावेच्या बाजूला तिच्या चुका, जमेच्या बाजूला घरातले बदल. पहिले आठ दिवस मेळ बसेना.

मग दिसलं की जवळजवळ सगळ्या चुका दुपारी एक ते चार. आणि सुरुवात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नागपुरात प्रत्येक घरात काय होतं? कूलर माळ्यावरून उतरतो.

मार्चभर घर शांत होतं. फ्रिज कुठे घरघरतो, नळ कुठे टपकतो, रस्त्याकडची खिडकी कुठे, हे सगळं तिनं कानानं पाठ केलं होतं. माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, मांजराला साठ हजारांच्याही पुढचं. म्हणजे आपल्याला जी खोली निःशब्द वाटते ती तिला खुणांनी भरलेली असते. त्यात लोखंडी कूलर सुरू केला की सगळ्या खुणांवर एक मोठा घर्रर्र आवाज पसरतो. शिवाय वारा उलटा. आधी खिडकीकडून झुळूक यायची, आता सगळं कूलरकडून. आणि ताट्या वाळ्याच्या. पहिलं पाणी पडलं की त्यांचा वास आपल्याला स्वर्ग, पण तिच्यासाठी ट्रेचा, गादीचा, आईच्या पदराचा वास त्याच्याखाली गडप. एकाच दुपारी कान, नाक आणि वारा, तिन्ही गेले. मेमध्ये ताट्या बदलल्या तेव्हा पुन्हा तीन दिवस हेच.

कूलर बंद करा असं कोणी सांगितलं तर त्यानं नवतप्यात इथं येऊन राहून दाखवावं. पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की पिल्लालाही कूलर हवाच. तोंड उघडं टाकून धापा टाकणारं मांजर म्हणजे उन्हानं बेजार झालेलं मांजर, कुत्र्यासारखी ती त्याची नेहमीची रीत नाही. तेव्हा कूलर चालू ठेवून वाट टिकवायची कशी, हा खरा प्रश्न होता.

उत्तर दुकानातच पडून होतं: बारदाना. रिकाम्या तागाच्या पोत्यांच्या वीतभर रुंद पट्ट्या कापल्या, कडा शिवल्या आणि तिच्या गादीपासून ट्रेपर्यंत एक, गादीपासून वाटीपर्यंत एक अशा फरशीवर दोन बाजूंनी चिकटवून अंथरल्या. ट्रेच्या तोंडाशी पट्टी दुप्पट जाड केली, म्हणजे इथं थांब. ताग पायाला खरखरीत, फरशी गार गुळगुळीत. आवाज कितीही असो, वास कोणताही असो, पायाखालचं बदलत नाही. दोन दिवसांत ती पट्टीवरून अशी चालू लागली की पाहुण्यांना सांगावं लागतं, हिला दिसत नाही. मी आता एवढाच नियम पाळतो की तिच्या कामाची कोणतीही जागा एकाच इंद्रियावर सोडायची नाही. ट्रे सापडायला पट्टी आहे, त्याचा स्वतःचा वास आहे, आणि तो भिंतीच्या कोपऱ्यात आहे, म्हणजे भिंतीला मिश्या लावत गेलं तरी सापडतो. या मिश्या कापू नका, आणि निरांजनाजवळही जाऊ देऊ नका. आमच्याकडे एका बाजूच्या करपल्या, तेवढे दिवस ती त्या बाजूनं चौकटीला खेटत होती.

कूलरबद्दल आणखी एक, वाट चुकण्याशी संबंध नसलं तरी. टपाचं पाणी उघडं ठेवू नका, पिल्लू त्यात पडून बुडू शकतं. आणि लोखंडी कूलरला करंट उतरतो हे विदर्भात कोणाला सांगायला नको. आम्ही स्टँडच्या भोवती फळ्या उभ्या केल्या.

अमावास्येचा चकवा

आता ज्या नोंदीवरून घरात सगळ्यात जास्त वाद झाला ती. दोन चुका अशा होत्या की कूलरचा संबंध नव्हता, सकाळीच झाल्या. आईनं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि म्हणाली, "दोन्ही बार अमावास्या हाय. चकवा लागला असन तिले."

मी हसलो. पण हिशेबनीस माणसाला तारीख जुळली की झोप येत नाही. पुढच्या अमावास्येला मी सुट्टी घेऊन घरी बसलो. सकाळी सातला आईनं बादलीत फिनाईल ओतलं आणि अख्खं घर धुऊन काढलं, ट्रेची जागासुद्धा, भिंतीची वीतभर उंचीसुद्धा. दर अमावास्येला ती असंच करते, मी लहान होतो तेव्हापासून. साडेआठला तर्री फरशीच्या मधोमध उभी राहून ओरडत होती. आईची तारीख बरोबर होती.

मांजर चालता चालता गाल, अंग, पंजे घासत आपला वास सोडत जातं. आंधळ्या मांजराची ती रांगोळीच असते. फिनाईलनं ती एका हातात पुसली जाते, वर त्याचा स्वतःचा उग्र वास दोन दिवस बसतो. पण वाट चुकणं हे त्यातलं लहान नुकसान. फिनॉल जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला निभावत नाहीत. ओल्या फरशीवरून चालायचं आणि मग पंजे चाटायचे, म्हणजे दर वेळी थोडं थोडं विष. जखमेला लावायची पाण्यात पांढरी होणारी अँटिसेप्टिक द्रवं आणि कपाटातल्या डांबरगोळ्या यांचंही तेच. आता आई गरम पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकते, ट्रेभोवतीचा हातभर भाग सोडते आणि तिथलं फक्त ओल्या फडक्यानं पुसते. चुकून कुठे लघवी झालीच तर अमोनिया असलेलं काही वापरू नका, तो वास तिला लघवीचाच वाटतो आणि ती पुन्हा तिथंच बसते. आम्ही टिपून घेतो, खायचा सोडा टाकतो, वाळला की झाडतो.

अमावास्येचं धुणं आईनं सोडलेलं नाही. फक्त फिनाईल गेलं.

उचलून ठेवणं

ही चूक माणसाच्या प्रेमाची. मेमध्ये नागपूरभर लग्नं. घरी पाहुणे आले, पोट्टे आले. प्रत्येकानं तर्रीला उचललं, मांडीवर घेतलं आणि जिथं बसले होते तिथंच खाली सोडलं. डोळस मांजराला काही फरक पडत नाही. आंधळं मांजर मात्र पावलांनी मोजत चालतं, उचललं की मोजणी तुटते. दुसऱ्या दिवशी खुर्च्याही हलल्या आणि तिचा पार गोंधळ उडाला. ओरडून ओरडून घसा बसला.

उपाय सोपा निघाला. झिरो माइलला तो वाळूच्या दगडाचा खांब आहे ना, तसा घरातही एक हवा, जिथून सगळी अंतरं मोजायची. तिची गादी हा आमचा झिरो माइल. कोणीही उचललं तरी सोडायचं ते गादीवरच, तोंड ट्रेकडे करून. हरवली आणि ओरडू लागली तरी तिच्यामागे ट्रे घेऊन धावायचं नाही, गादीवर नेऊन ठेवायचं. तिथून ती स्वतः निघते. हात लावण्याआधी बोलायचं, हे पोट्ट्यांना दोन ओरखडे खाल्ल्यावर कळलं. ओरखडा किंवा चावा रक्त काढणारा असेल तर साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या इंजेक्शनांसाठी दवाखान्यात जा. घरचं मांजर, लहान पिल्लू, असले विचार करू नका. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्याचीही रेबीजची लस चुकवू नका.

एकदा खरंच डोकं होतं

जूनच्या शेवटी, रात्री दोनच्या सुमाराला. कूलर बंद होता, बाहेर पाऊस होता. धडधड आवाजानं जाग आली. तर्री कुशीवर पडलेली, चारी पाय पोहल्यासारखे मारते आहे, तोंडाला फेस, लघवी झालेली. मी घड्याळ बघितलं, तेवढं सुचलं. मिनिटभराच्या आत थांबलं. मग ती उठली आणि अर्धा तास घरभर भिंतींना धडकत फिरली. गादीवर ठेवली तरी गादी ओळखेना, हाकेला कान हलेना, आणि मग एकदम वखवखून खायला लागली. सकाळी कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, पुन्हा वाट विसरली, फिनाईल लावलं काय. मी जागा नसतो तर चोपडीत मीही तेच लिहिलं असतं.

ही फिट होती. डोक्याच्या मारानंतर आठवड्यांनी, महिन्यांनीही येऊ शकते. ओळखण्याची खूण म्हणजे वाट चुकलेलं मांजर गादीवर ठेवलं की दोन मिनिटांत सावरतं, फिटनंतरचं नाही सावरत. अंगाखाली ओलं, हनुवटी लाळेनं चिकट, हे सकाळीही दिसतं. फिट चालू असताना तोंडात बोट, चमचा, पाणी काही घालायचं नाही. आजूबाजूचं टणक सामान सरकवायचं, दिवा मंद करायचा, वेळ बघायची, जमलं तर मोबाइलवर चित्रण करायचं. डॉक्टरला तुमच्या वर्णनापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो. पाच मिनिटांच्या पुढे गेली किंवा चोवीस तासांत दुसरी आली तर रात्र असो की पाऊस, निघायचं. एका फिटवर आमच्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं नाही, पुन्हा आली तर करू म्हणाले. सुरू झालं तर आपल्या मनानं बंद करायचं नाही, एकदम थांबवल्यानं फिट उलट जोरात येते. चोपडीत ती नोंद मी लाल शाईनं केली आहे.

जुलैत कूलर माळ्यावर गेला. तर्री मात्र तो जिथं होता तिथं आली की अजून वळसा घालते, फळ्यांच्या बाहेरून, बरोबर तेवढाच. मी म्हटलं, तिथं चपलांचा रॅक ठेवू या, जागा रिकामी आहे. आई म्हणाली, "कायले? एप्रिलमध्ये कूलर तिथंच येईन ना." स्टँडचे चार पाय जिथं होते तिथं फरशीवर मी ऑइलपेंटचे चार ठिपके देऊन ठेवले आहेत.